खाकरणं

पिट्सबर्गात, नदीकडून वर येणाऱ्या चढावर
आम्ही एक फ्लॅट भाड्यानं घेतला होता.
सोफा, फ्रीज, टीव्ही, परडीत मेणाची सफरचंदं.
तिथं राहत कुणीच नव्हतं,
माणसं यायची ती फक्त बोलायला.
तासाला पंधरा डॉलर.
कागदावरची वाक्यं वाचायची,
दाराशी उभं राहून एकदा, पाठमोरं एकदा,
नळ सोडून, तोंडात बिस्किट धरून.
दिवा घालव.
सात मिनिटांचा गजर लाव.
उद्या बर्फ पडेल का?

भिंतीला कान असतात म्हणतात.
आम्ही ते भिंतीतून उपसून
एका डब्यात बसवत होतो, एकूण सात,
वर करड्या कापडाची टोपी.
मी आतल्या खोलीत हेडफोन लावून
कुठल्या कोपऱ्यात कुठला शब्द गळतो
ते लिहीत बसायचो.

लिओटा ह्राबचाक एका मंगळवारी आल्या.
वय एक्क्याऐंशी. जावई खाली गाडीत थांबला.
कोट काढला नाही. कागद नाकाशी धरून
चाळीस वाक्यं अशी वाचली
की एक अक्षर सांडलं नाही.
डब्याला सगळं पहिल्या फटक्यात कळलं.
मी उठून बाहेर आलो. कुठं शिकलात हे?

"खाणीच्या गावात. टेलिफोनच्या बोर्डावर, सतरा वर्षं.
दिवा लागला की खुंटी खुपसायची
आणि म्हणायचं, नंबर, प्लीज.
तुमच्या याला दिवा आहे?"

आहे, म्हटलं. निळा. हाक मारली की लागतो.

"मग त्याची नि माझी नोकरी एकच."

बाई सोफ्याच्या काठावर टेकल्या.
"जोडून दिलं की कान काढायचा, असा नियम.
काढायचो.
कधी नाही काढायचो.
रात्रपाळी, बाहेर बर्फ, बोर्डावर एकच दिवा
आणि मिसेस पाव्लिक बहिणीला सांगतायत
गाठ डाव्या बाजूला आहे, त्याला कळू देऊ नकोस.
कसा काढणार?
सकाळी दुकानात तीच बाई बटाटे निवडत समोर.
मी आपली तराजूच्या काट्याकडे बघत राहायचे.

पण आमच्यात एक रीत होती.
ऐकत राहिलं तर एकदा खाकरायचं. हळूच.
समजायचं त्याला समजायचं.
आवाज उतरायचा, नाहीतर गाडी हवापाण्यावर यायची.
आणि काही जण
ते ऐकूनही बोलत राहायचे,
उलट जरा सावकाश.
त्यांना कुणीतरी हवंच असायचं.

याला खाकरायला शिकवलंय का?"

मी हसलो.
पंचेचाळीस डॉलर त्यांनी दोनदा मोजले,
सही केली, जाताजाता सफरचंदाला नख लावून बघितलं.

संध्याकाळी फॉर्मवर, 'इतर शेरा' या रकान्यात
मी लिहिलं: खाकरणे. विचार व्हावा.
आठवड्यानं वरून उत्तर आलं:
नोंद घेतली. खोकला, शिंक, खाकरणे
यांसाठी फिल्टर तयार आहे.
ते आवाज काढून टाकले जातील.

फ्लॅट सोडला. सोफा कुणी नेला ठाऊक नाही.
डबा घरोघर गेला. आमच्याकडेही आहे,
ओट्यावर, मिठाच्या बरणीशेजारी.
अंडी उकडताना वेळ सांगतो,
माझ्या मुलीला स्पेलिंग सांगतो,
न कंटाळता. खोटं कशाला बोलू.

काल रात्री मोरीन
फोनवर भावाशी बोलत होती, दबक्या आवाजात.
माझ्याबद्दल.
कुणी हाक मारली नव्हती,
तरी ओट्यावर निळं कडं उजळलं
आणि उजळलेलंच राहिलं.
मी जिन्यात उभा, पायात नुसते मोजे,
किती वेळ ते सांगत नाही.

मग मी खाकरलो.

मोरीन बोलता बोलता थांबली.
डब्याला काही ऐकू आलं नाही.